पोस्टवाले चाचा

माझे बाबा डॉक्टर आहेत, हे सौदीतल्या जुबैलमध्ये फक्त आईला आणि मला माहीत होतं. आई इथे नर्स. तिच्या मागोमाग बाबा गुहागरचा दवाखाना बंद करून आले, पण इथली परवान्याची परीक्षा काही निघेना. शेवटी एका कंपनीच्या कामगारांच्या कॅम्पात टपाल सांभाळू लागले. कॅम्पातल्या माणसाला स्वतःचा पत्ता नसतो. घरून आमसुलं येवोत नाहीतर कागदपत्रं, बाबांच्या काउंटरवरच यायची. सगळे त्यांना चाचा म्हणत, थट्टा करत.

"काय चाचा, बायकोनं धाडलेलं तुम्हीच खाल्लंत ना?"

"अर्धंच खाल्लं. घे उरलेलं!"

मी पुण्यात कामगारांसाठी पत्रकं लिहितो. 'कुठलंही काम हलकं नसतं' हे तर दर पत्रकात ठोकून देतो. सुट्टीत आलो होतो, बाबांना डबा द्यायला गेलो, तर श्रीवर्धनचा एक वेल्डर काउंटरसमोरच कोसळला. आम्ही दोघांनी उचलून त्याला शेजारच्या क्लिनिकात नेलं. बाबांची बोटं आपोआप त्याच्या मनगटावर.

तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "चाचा, आप पोस्टवाले हैं ना? बाहर बैठिए."

माझं डोकंच फिरलं. भरल्या रांगेसमोर ओरडलो, "पोस्टवाले नहीं, डॉक्टर हैं ये! आपसे सीनियर!"

तो चटकन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. "सॉरी सर. फिर आप पोस्ट में कैसे?"

बाबांनी मनगट सोडलं.

"यहाँ का इम्तिहान नहीं निकला," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

वेल्डरला उन्हाचा त्रास झाला होता, सलाईनवर सावरला. गाडीत मी म्हणालो, "तो तुमचा अपमान करत होता."

"पोस्टवाला म्हणाला तो. त्यात अपमान तुला दिसला."



दोन दिवसांनी वेल्डर राहिलेलं पार्सल न्यायला आला. मी डबा घेऊन तिथेच होतो. बाबांनी खोका कानाशी हलवून पाहिला. "अर्धं खाल्लंय हं मी!"

वेल्डर हसला नाही. दोन्ही हातांनी खोका घेत म्हणाला, "थँक्यू, डॉक्टरसाहेब," आणि मान खाली घालून गेला.

त्याच्या मागचा पुढे सरकला. तोही अदबीनंच.

"डॉक्टरसाहेब, माझं काही आलंय का?"

मी डबा ठेवला आणि बाबांकडे न बघता बाहेर पडलो.