कशानं पुसलंत?

माधवराव सरांची आणि माझी पहिली भेट शिक्रापूरजवळच्या प्रयोगशाळेत, नोकरीच्या मुलाखतीत झाली. मी शिरूरहून उत्तरं पाठ करून गेले होते. सरांनी त्यातलं एकही विचारलं नाही. लहानपणी पाटी कशानं पुसायचात, एवढंच विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं, फ्रॉकनं. मग अक्षरं गेली कुठं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मला उत्तर आलं नाही, तरी नोकरी मिळाली.

आमच्याकडे औषधांच्या चाचण्यांत किरणोत्सारी द्रव्य वापरलं जाई. काम संपलं की टेबल आणि जमीन पुसायची, पुसलेला तुकडा मोजणीयंत्रात घालायचा, आणि जागा स्वच्छ ठरली तरच इतरांना आत सोडायचं. बाकीचे वरिष्ठ आधी आकडा विचारत. सर नोंदवहीतल्या माझ्या सहीवर बोट ठेवत आणि विचारत, "कशानं पुसलंत?" खरं सांगते, मला वैताग यायचा.

एकदा खडबडीत कोब्यावर गाळणकागद फाटू लागला. मी सरळ कापूस घेतला. आकडा नगण्य आला. मी 'स्वच्छ' लिहून सही ठोकली. सफाईचं काम करणाऱ्या भांडगावच्या हिराबाई बादली घेऊन दाराशी आल्याच होत्या. त्या उकिडव्या बसून हातानं जमीन पुसत.

सरांचं बोट सहीवर आलं. कापसानं, मी म्हणाले. त्यांनी हिराबाईंना बाहेरच थांबायची विनंती केली, काचेच्या तंतूंचा कागद ओलसर केला आणि स्वतः गुडघे टेकून शेजारची जागा हलक्या हातानं पुसली. या वेळचा आकडा कितीतरी पटींनी जास्त आला. मी नोंदवहीतली माझी सही खोडली. या द्रव्याचे किरण फार अशक्त असतात, कापसाच्या आतच अडकतात, यंत्राला दिसत नाहीत, असं सरांनी शांतपणे समजावलं. पाटीवरची अक्षरं कुठं जातात, ते मला त्या दिवशी कळलं.

सर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "हिराबाईंना तुम्हीच सांगा."

त्याहून रागावले असते तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं. हिराबाई आपल्या तळहातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् तुमी? तुमी तर सकाळधरनं आतच हाय." मला रडू आवरेना. माझ्या तपासणीची व्यवस्था सरांनी तोवर केलीही होती. अहवाल निर्धोक येईपर्यंत ते रोज संध्याकाळी माझ्या आईला फोन करत.

कुठल्या पृष्ठभागाला काय वापरायचं, याचा मराठी तक्ता सरांनी नंतर दाराबाहेर लावला, हिराबाईंनाही वाचता यावा म्हणून. आज ते मांडवगण फराट्यात पंचाहत्तरी गाठत आहेत. त्यानिमित्तच्या या लेखात काय लिहू, असं मी हिराबाईंना फोनवर विचारलं. सरांना त्या पहिल्यापासून आप्पा म्हणतात. त्या म्हणाल्या, "लिवा, ह्या हातांनी नातवंडं न्हाऊ घालते, तवा मनात भ्या नसतं. ते आप्पांमुळं."

सर, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आता नव्या मुलींच्या सहीवर मी बोट ठेवते. त्यांचा वैताग मला दिसतो. तरी आधी तेच विचारते.