मामाची जागा

लग्नाच्या सकाळी मला एका जागी बसवत नव्हतं. अंगाला हळद, हातात हिरवा चुडा आणि डोळे सारखे कार्यालयाच्या फाटकाकडे. कन्नडहून मामा येतो की नाही, एवढंच डोक्यात. आईनं माहेरच्या रानात आपला वाटा मागितला, तेव्हापासून तिचा हा एकुलता एक भाऊ आमच्या औरंगाबादच्या घराची पायरी चढला नव्हता. पत्रिका द्यायला आई स्वतः गेली, तर तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्याच वर्षी कॉलेजात सरांनी ‘अंकल’ या शब्दाचं मूळ सांगितलं होतं. लॅटिनमध्ये तो फक्त आईच्या भावाचा. अर्थ, धाकटा आजोबा. बापाच्या भावाला निराळा शब्द होता, तो मागे पडला आणि अंकल सगळ्यांचाच झाला. मला भयंकर राग आला होता. गल्लीतल्या दुकानदारापासून वडिलांच्या साहेबापर्यंत आम्ही सगळ्यांना अंकल म्हणायचो, आणि ज्याचा हा मूळचा मान, तोच रुसून बसलेला.

“मुलीच्या मामांना बोलवा,” गुरुजींनी हाक दिली. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं, अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभं राहायचं.

काका म्हणाले, “मी राहतो की उभा. कुणाला काय कळतंय?”

“नाय,” आई म्हणाली. खरं तर आईनं त्या वेळी आत तुळशीला पाणी घालत राहायचं असतं; लेकीचं लग्न तिनं बघायचं नसतं. तिनं तांब्या खाली ठेवला. “त्यो आला नाय, तर मी हाय. आमच्या बापाची मीबी लेकच हाय.”

बायका कुजबुजल्या, गुरुजी घुटमळले. आईनं माझा दंड धरला आणि मला नेलंच. भीती वाटत होती आणि तिचा अभिमानही.

मंगलाष्टकं निम्म्यावर आली तेव्हा मागे गलका झाला. मामा! एसटीतून उतरून धावत आलेला, टोपी हातात, घामानं निथळत. आल्या आल्या आईला म्हणाला, “अक्का, सरक. मामाची जागा हाय ही.”

आई हलली नाही. माझ्या खांद्यावरचा हातही तिनं काढला नाही.

“पलीकडच्या अंगाला उभा रा,” ती म्हणाली. “हिकडची बाजू माझी हाय.”

मामानं हातातली टोपी डोक्यावर घातली. मग निमूट पलीकडे जाऊन उभा राहिला.