हनुवटीतात्या आणि वारुळावरचे पाहुणे

हनुवटीतात्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, हनुवट्या राहत. रंकाळ्यावर कुणी भेटलं की ते टक लावून बघत आणि म्हणत, "अजून खालीच हाय की ओ! लग्नात सांगितलंतं." नव्वदच्या दशकात आमच्या पेठेत त्यांच्या कॅमेऱ्याशिवाय लग्न लागत नसे आणि "हनुवटी वर!" ही आरोळी ऐकल्याशिवाय नवरी सासरी जात नसे. माझ्या लग्नात तर त्यांनी मंगलाष्टकं थांबवून भटजींनाही हनुवटी वर घ्यायला लावली. भटजी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

त्यात तात्या एका प्रसंगाचा एकच फोटो काढत. "दुसरा काढला की पयला रुसतो," असं म्हणत. कुणाचे डोळे मिटलेले आले, तर तो दोष डोळ्यांचा.

त्यांचं काही चालत नसे ते फक्त वडिलांपुढे. आबा तरुणपणी दरबारी चित्त्यांच्या दिमतीला होते. चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवायची, त्याला साखळीनं बैलगाडीत बांधून शिकारीला न्यायचं आणि हरीण दिसलं की टोपी काढायची, हे त्यांचं काम. संस्थान गेलं, चित्तेही गेले. आता गल्लीतली पोरं मुद्दाम विचारत, "आबा, बिबट्या असंल की ओ त्यो?" आबा खवळत, पण दाखवायला फोटो नव्हता. "चित्ता हुता तवा कुणी फोटो काढला न्हाय, आता नुसत्या थोबाडाचा काय काढतोस?" असं म्हणून त्यांनी तात्यांना कधी कॅमेरा रोखूच दिला नाही. साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात बापाचा एक फोटो नव्हता. तात्यांना ते फार लागायचं.

पुढे आबांची नजर जाऊ लागली. फार दिवस दिसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. माझा धाकटा भाऊ तेव्हा दक्षिण आफ्रिकेत एका फाउंड्रीत नोकरीला होता. मी त्याच्याकडे निघालोय हे कळताच तात्या घरी आले. "मीबी येतो. आबांना दिसतंय तवर चित्त्याचा फोटो आणायचा हाय."

तिथल्या जंगलात शिरताना गाईडनं खोकायचंसुद्धा नाही असं बजावलं होतं. चित्ता सापडला, पण एका वारुळावर आमच्याकडे पाठ करून बसलेला. शेजारच्या जीपमधला एक गोरा गृहस्थ तोफेएवढी लेन्स लावून चित्ता धावायची वाट बघत होता. बराच वेळ कुणी हललं नाही. तात्यांची मात्र चुळबुळ सुरू झाली. चार माणसं जमलेली असताना कुणी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसावं, हे त्यांना सोसेना. शेवटी ते उठून उभे राहिले आणि मांडवातला आवाज काढला, "ओ पावणं! हिकडं बघा! हनुवटी वर!"

चित्त्यानं मान वळवली आणि खरंच हनुवटी वर केली. तात्यांनी बटण दाबलं. पुढच्या क्षणी चित्ता गवतात नाहीसा झाला. गोरा गृहस्थ लालबुंद होऊन बरंच काही बोलला.

"काय म्हणतोय?" तात्यांनी मला विचारलं.

"तुमचा आवाज आवडला म्हणतोय."

"लगीन असंल तर बोलव म्हणावं."

पुन्हा चित्ता दिसलाच नाही. परतीच्या विमानात तात्यांचा हात खिशातल्या रोलवरून निघेना. "हललो असलो तर रं?" एवढंच ते अधूनमधून विचारत. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

फोटो छान आला होता. तात्यांनी तो मोठा करून आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, अगदी नाकाला लावला. चित्त्याच्या डोळ्यांवरून बोट फिरवलं, मग गळ्यावरून.

"टोपी न्हाय. साखळी न्हाय. मोकळा हाय की रं ह्यो!" मग म्हणाले, "आन् हिकडं बघ म्हणून कुणी सांगितलं ह्याला?"

"मी," तात्या म्हणाले.

आबा पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी फोटो छातीशी नीट उभा धरला. "काढ आता. दोघांचा."

तात्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, पण आरोळी द्यायची वेळच आली नाही. आबांनीच आपणहून हनुवटी वर केली.

तात्यांनी फोटो काढला. मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि दुसरा काढला.