यशोदाबाईनं घासलेली गिट्टी

नालवाडीच्या मुलींच्या वसतिगृहात यशोदाबाईचा हात फिरला की मोरीत तोंड दिसायचं. जवानी सारी फरशा घासण्यात गेली, पण "छान केलं बाई" असं कोणी म्हणेल तर शपथ. आणि ही पौर्णिमा, परवा परवा कामावर लागलेली पोरगी, तिचं कौतुक कशाचं व्हावं? तर बुळबुळीचं.

स्वयंपाकघराचं खरकटं पाणी मागच्या अंगणातल्या गिट्टीच्या, म्हणजे खडीनं भरलेल्या टाक्यातून झिरपायचं आणि खालून निवळून वांग्यांना जायचं. त्या टाक्याची देखरेख पौर्णिमाकडे. गिट्टीवर करडा, चिकट थर धरला होता.

"मावशी, हे जिवाणू आहेत," पौर्णिमा सांगायची. "चिकटा करून त्यातच राह्यतात अन् पाण्यातली घाण खातात."

पाहुणे यायचे, त्या घाणीचे फोटो काढायचे. यशोदाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लख्ख मोरीचा फोटो काढायला काय यांचे हात मोडले होते?

"पाणी गाळते गिट्टी, अन् नाव होते चिकट्याचं," ती स्वयंपाकिणीला म्हणायची. तिला ते मनापासून खरं वाटत होतं.

सोमवारी वसतिगृहाच्या समितीची माणसं टाकं पाहायला येणार, पौर्णिमाला शाल देणार, असं कळलं तेव्हा यशोदाबाईला जेवण गेलं नाही. रविवारी पौर्णिमा सेलूला माहेरी गेली. यशोदाबाईनं पदर खोचला, ब्लीचिंग पावडर घेतली आणि वरची सगळी गिट्टी घासून काढली. उद्या बघू दे म्हणावं, साफ कशाला म्हणतात ते.

सोमवारी टाक्यातून गढूळ पाणी आलं, आंबलेल्या वरणाच्या वासाचं. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. वॉर्डन मॅडम पौर्णिमावर उखडल्या, "काय करून ठेवलंस हे?"

पौर्णिमानं एक गिट्टी उचलली, उलटसुलट पाहिली, हुंगली.

"मी नाई केलं, मॅडम. इतकं साफ काम मले जमतच नाई. भेगाही घासल्या आहेत पाहा. असा हात आपल्या इथं एकट्या यशोदामावशीचा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. सगळ्यांच्या माना यशोदाबाईकडे वळल्या. शाल पिशवीतच राहिली, पण यशोदाबाईचं तिकडे लक्षही गेलं नाही. चार माणसांत आपल्या हाताचं नाव निघावं, एवढंच तर तिनं जन्मभर मागितलं होतं. ते निघालं, अन् तेही मेलं पौर्णिमाच्याच तोंडून.