ती मांडवातून उठून आली असती

बुधवार, १७ जानेवारी. दुपारचे अडीच. आयसीयूशेजारची वर्गखोली.

हजर: नव्याने रुजू झालेल्या सहा लेफ्टनंट सिस्टर, एक नर्सिंग असिस्टंट, सरावाचा रबरी पुतळा, एक व्हेंटिलेटर आणि शिकवायला मी. गैरहजर: एक. तिचं नाव या हजेरीपटावर असण्याचं काही कारणच नव्हतं.

पुढचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण आज वर्गात एक गोष्ट घडली आणि ती वहीत कुठे लिहावी ते मला कळेना.

मी याद्या करणारी बाई आहे. बावीस वर्षं लष्करात नर्स, त्यातली बरीचशी अतिदक्षता विभागात. रोज सकाळी वहीत दिवसाची कामं लिहायची, काम झालं की समोर बरोबरची खूण. काम झाल्याशिवाय खूण नाही, हा माझा नियम. माझ्या हाताखालच्या मुली त्यावरून हसतात, हसू देत.

तो नियम मी एकदा मोडला. एकदाच. पण कोणासाठी?

सुकेशनी. पारशिवनीची. नागपूरच्या एका लष्करी रुग्णालयात मी मेजर म्हणून पहिल्यांदा आले तेव्हा ती माझ्या हाताखाली कॅप्टन होती. वॉर्डात मला ‘मॅम’ म्हणायची, ड्युटी संपली की ‘ताई’. एकदा व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला आणि मी स्क्रीनकडे धावले. तिने आधी जवानाच्या छातीवर हात ठेवला, मग नळी पाहिली, ती वाकली होती, सरळ केली. अलार्म थांबला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “ताई, मशीनले काय पाहून राहिल्या? माणसाले पाहा ना पहिले. मशीन कुठं पळून चाललं?”

मी वरिष्ठ होते. मला राग यायला हवा होता. मला हसू आलं. त्यानंतर रोज चार वाजता आमचा चहा एकत्र. बदल्यांच्या नोकरीत ट्रंकेतल्या सामानाची यादी तोंडपाठ होते, पण चहाला वाट पाहणारं माणूस — ते किती वेळा मिळतं?

तिला पुण्याला जायचं होतं. क्रिटिकल केअरचा वर्षभराचा कोर्स. वयाची अट होती आणि तिच्याकडे तेवढं एकच वर्ष उरलं होतं. भावाच्या लग्नासाठी रजेवर निघाली तेव्हा मला बजावून गेली, “पत्र आलं तर मले फोन करा ताई. मी मांडवातून उठून येईन. नवरदेव थांबते, कोर्स नाही थांबत!”

पत्र सोमवारी आलं. आमच्या वाट्याला एकच जागा. इच्छुक नर्सचं नाव गुरुवारी दुपारपर्यंत कळवायचं, आणि ते काम माझ्याकडे. मी वहीत लिहिलं — सुकेशनीला फोन. सोमवारी लिहिलं. मंगळवारी पुढे ढकललं. बुधवारी नंबर काढून फोन हातात धरून बसले. समोर तिचा चहाचा कप पालथा ठेवलेला होता. ती गेली तर वर्षभर तो तसाच राहणार, एवढंच मला दिसत होतं.

आणि गुरुवारी?

गुरुवारी साडेअकरा वाजता मी तिच्या नावासमोर बरोबरची खूण केली. पत्राच्या उत्तरात लिहिलं — रजेवर, संपर्क होऊ शकला नाही. सही केली. फोन मी केलाच नव्हता. एकदाही नाही.

जागा दुसऱ्या ठिकाणी गेली.

ती पुढच्या सोमवारी परतली, स्टीलच्या डब्यात लग्नाचे बुंदीचे लाडू घेऊन. मी तिला सांगितलं, फोन लागला नाही. तिने डब्याचं झाकण काढलं. मग — हे मला अजून सहन होत नाही — तिने माझीच समजूत घातली. “जाऊ द्या ताई. मीच बावळट. फोन काकूकडं चार्जिंगले ठेवला अन् विसरली. तुम्ही काहून तोंड पाडून राहिल्या? लाडू खा.”

मी लाडू खाल्ला.

चार महिन्यांनी माझीच बदली झाली, जोधपूरला. जिला जाऊ द्यायचं नाही म्हणून एवढं केलं तिला सोडून मीच निघाले. स्टेशनवर ती आली होती. तिची वयाची मर्यादा उलटली. पुढे तिच्या ठरावीक वर्षांच्या नोकरीची मुदत संपल्यावर तिला सेवेत वाढ मिळाली नाही. कोर्स असता तर मिळाली असती का? ठाऊक नाही. नाही असं म्हणून मला सुटता येत नाही.

आता ती कन्हानला राहते, एका खासगी दवाखान्यात काम करते. मी गेल्या वर्षी पुन्हा नागपूरला आले. अर्ध्या तासाचा रस्ता. दिवाळीला तिचा मेसेज येतो, शेवटी नेहमी ‘चहा बाकी आहे ताई’. मी हात जोडल्याचं चित्र पाठवते.

आज वर्गात मी पुतळ्याच्या छातीवर हात ठेवून दाखवला. आधी माणूस, मग नळी, मग मशीन. मागच्या बाकावरची मुलगी लिहून घेत होती. तिने विचारलं, “मॅम, ही पद्धत तुमची आहे का?”

मी मान हलवली. हो अशी.

सहाही जणींनी ते पाहिलं. वर्ग साडेतीनला संपला. हजेरीवर सही केली, पुतळा पुसून कपाटात ठेवला, व्हेंटिलेटरवर आवरण घातलं. चार वाजता एकटीने चहा घेतला.

आजच्या यादीत नऊ कामं होती. आठांसमोर खूण आहे. नववं गेलं वर्षभर मी रोज सकाळी नव्या पानावर उतरवते, आणि उद्याच्या पानावर ते आत्ताच लिहून ठेवलं आहे — सुकेशनीला फोन.