बातमी अण्णांपर्यंत आठव्या दिवशी पोचते

आता हा गाढवपणा कुठल्या तोंडानं सांगू? सांगतोच. हसायचं तर हसा!

मी कॉलेज सोडलं. गणिताचे मास्तर वीस वर्षं तीच जुनी वही फळ्यावर उतरवायचे, आणि शंका विचारली की बाप काढायचे. उठलो, निघून आलो.

आता अण्णांना कळायच्या आत नोकरी शोधायची होती. आमचे अण्णा शिंदे दरबारच्या दफ्तरात कारकून. तिथे साहेबापुढे वाकवलेली पाठ घरी आमच्यावर सरळ करणार! कळलं असतं तर मला घराबाहेरच काढलं असतं.

किती दिवस हातात? गणित मांडलं. आज फक्त दोस्त दिनूला माहीत. ज्याला कळलं तो रोज एका नव्या घरी सांगणार. उद्या दोन, परवा चार. या हिंदी मुलखातल्या शहरात आपली मराठी घरं दोनेकशे. म्हणजे आठ दिवस. वा रे पठ्ठे!

पण गणित पडताळायला नको? तिसऱ्या दिवशी वही घेऊन निघालो. आधी शिंदे की छावनी मोहल्ल्यात, मावशीकडे.

"मावशी, माझ्याबद्दल काही ऐकलंस?"

"नाही रे. काय केलंस?"

"काही नाही."

"मग घाम कसला पुसतोस? मुलगी आहे का कुणी?"

"छे!"

वहीत लिहिलं: मावशी, माहीत नाही.

नई सडकेवर पानवाले लालाजी. "लालाजी, हमारे बारे में कुछ सुना?"

"नहीं तो, भैया. क्यों, पुलिस ढूँढ रही है क्या?"

लिहिलं: माहीत नाही.

संध्याकाळपर्यंत तीस ठिकाणं झाली. एकालाही पत्ता नाही! खुशीत दोन कचोऱ्या हाणल्या आणि घरी आलो.

दारात अण्णा. चेहरा पांढराफटक.

"ती मुलगी कुठे आहे?"

"कोणती मुलगी?"

"आणि पोलीस का मागे लागलेत? मावशी रडून गेली. हजीरा मोहल्ल्यातले काका म्हणतात, तू झाशीला पळालास!"

"अण्णा, मी... मी फक्त कॉलेज सोडलंय."

अण्णा मटकन पायरीवर बसले. "नुसतं कॉलेज?" मग आत ओरडले, "अगं, ऐकलंस का? नुसतं कॉलेज सोडलंय! देवापुढे साखर ठेव!"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. माझाही जीव भांड्यात पडला. इतका, की त्यांनी वही ओढून घेतली तेव्हा सगळं गणित हौसेनं समजावून दिलं.

अण्णांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं.

"दोनशे घरं धरलीस. पण दिवसभर घरोघर हिंडणारा हा गाढव कुठे धरलायस?"

धरला नव्हता.

"मग," अण्णा वही परत देत म्हणाले, "सोडलंस ते बरंच केलंस."