गंगाधरची स्वस्तातली बाटली

गंगाधर गेल्याचा फोन शैलाचा होता. शैला म्हणजे माझी भावजय. ती रडत नव्हती, नुसती "वन्सं... वन्सं..." एवढंच म्हणत होती. शेवटी कुणीतरी तिच्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, सरांना जिंतूरच्या बसस्टँडवर छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. माझा धाकटा भाऊ. जिंतूरच्या कॉलेजात गणित शिकवणारा, रोज परभणीहून एसटीनं जाऊन येणारा, सकाळी डबा घेऊन नेहमीसारखा घरून निघालेला. मी पाथरीला असते. पिशवीत दोन साड्या कोंबत होते तेवढ्यात दुसरा फोन आला. आमचा चुलतभाऊ विलास. "आक्का, लय वाईट झालं," म्हणाला, आणि दम न खाता पुढचं वाक्य, "रात्री लय घेतली होती का गं त्यानं?"

मी फोन बंद केला. भाऊ गेला त्या दिवसाची आठवण काढायला बसलं की मला आधी हे वाक्य ऐकू येतं. शिसारी आली होती तेव्हा, आजही येते. आता दीडेक महिना होऊन गेलाय, माणसं भेटतात, हात हातात घेतात, आणि डोळे बारीक करून तेच विचारतात. कुणी सरळ, कुणी आडून. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. गंगाधर प्यायचा. त्यात लपवायचं काय? महिन्यातून एखाद्या रविवारी, आमच्या पेडगावच्या शेतात, कोळशावर भाजलेल्या मटणासोबत, एक ग्लास वाइन. दुसरा ग्लास ओतताना मी त्याला कधी पाहिलं नाही, आणि माझी नजर अजून चांगली आहे.

हे खूळ आलं कुठून, तर त्याचा एक जुना विद्यार्थी नाशिककडं वाइनच्या कारखान्यात लागला होता, त्यानं सरांना बोलावून नेलं. गंगाधर परत आला तो थेट माझ्याकडं पाथरीला. चपला काढायच्या आत सुरू. "आक्का, द्राक्षाचा रस मुरवतात गं, दुसरं काही न्हाई. आन् आपल्याकडचे लोक त्यात कोला ओतायलेत!" जसं काही कुणी देव्हाऱ्यात थुंकलं होतं, असा त्याचा चेहरा. मी म्हटलं, आधी पाणी पी. पण मग एका शनिवारी त्यानं लोखंडी पिंप उभं कापून आणलं, त्यावर जाळी बसवली, बाभळीचा कोळसा आणला, आणि पेडगावच्या शेतात आंब्याखाली ते पिंप चार विटांवर ठेवलं. शहरातले लोक त्याला बार्बेक्यू म्हणतात. आमच्या पेडगावात त्याला "सरांचं पिंप" म्हणायला लागले.

आता गणिताचा माणूस, त्याला कुठलीच गोष्ट नुसती खाऊन चालायची नाही. कुठल्या मटणाला कुठली बाटली, हा त्याचा विषय झाला. आणि बाटली स्वस्तातलीच पाहिजे, हा हट्ट. कंजूस नव्हता हो तो, पण म्हणायचा, "जाळीवरचा धूर आन् आपला काळा मसाला. महागाच्या वाइनमधलं जे नाजूक असतं ना, ते ह्या दोघांपुढं टिकत न्हाई. मग पैसे कशाला जाळायचे?" सुरुवातीला लय चुका केल्या त्यानं. लाल वाइन मटणासोबत, असं कुठंतरी ऐकलेलं, म्हणून एक चांगली कडक लाल आणली आणि शैलाच्या येसर मसाल्याच्या, झणझणीत मटणासोबत ओतली. तोंडात अशी आग उसळली, की माणसं विहिरीकडं पळाली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की मटण बघून बाटली निवडायची नसते, मसाला बघून निवडायची असते. तिखटाला थंडगार, किंचित गोडसर पांढरी. लिंबू-कोथिंबीर लावलेल्या कोंबडीला आंबटसर पांढरी. तिखट कमी घालून काळ्या मसाल्यात मुरवलेलं मटण असेल तर मऊ, फार न मुरलेली लाल. मी मटण खात नाही, मला तो वांगी आणि मक्याची कणसं भाजून द्यायचा आणि त्यासोबत गुलाबी वाइनचा एक घोट. घेते मी घोट. शाळेची मुख्याध्यापिका होते, आता रिटायर झाले, कुणाला भ्यायचं?

आणि इथंच माझं खरं दुखणं सुरू होतं. कारण हे सगळं एकट्यानं व्हायचं नाही. मसाला शैलाचा होता. तिखट किती, कढीपत्ता पडला का, दही आंबट होतं का, हे तिलाच ठाऊक. पहिल्या रविवारी ती आमच्याकडं चालतं तशी, सगळ्यांना वाढून मागं शेडात बसली. गंगाधरनं तिला हाक मारली. "शैला, हिकडं बस. मसाला तुझा, बाटली माझी. तू चाखून सांगितल्याबिगर मला कळणार कसं?" पाहुणे होते, विलास होता, त्याची बायको होती. शैलाचा चेहरा लाल झाला. पण ती येऊन बसली, ग्लास उचलून ओठाला लावला आणि म्हणाली, "मिरची उलट भडकली ह्यानं. दुसरी बघा." गंगाधर असा खूश, की विचारू नका! त्या दिवसापासून सतरंजीवर तिची जागा त्याच्या शेजारी ठरली. विलासच्या बायकोनं तेव्हा जे नाक मुरडलं, ते अजून सरळ झालेलं नाही.

विलासचं काय सांगू! प्लॉटिंगच्या धंद्यात पैसा केलेला माणूस. एकदा मे महिन्यात परदेशी लाल वाइन घेऊन आला, लाकडी खोक्यातली. दिवसभर ती गाडीत, उन्हात. वरून आम्हालाच ज्ञान, की लाल वाइन थंड करायची नसते, खोलीत असते तशीच प्यायची असते. अरे बाबा, कुठली खोली? परभणीची मे महिन्यातली खोली? गंगाधर लाल बाटलीसुद्धा ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीला ठेवायचा, वारा लागेल अशी. विलासनं ती गरम बाटली उघडली, सगळ्यांनी किंमत ऐकून माना डोलावल्या, वा वा केलं. गंगाधरनं घोट घेतला आणि शांतपणे म्हणाला, "विलास, हिचा काढा झालाय." सगळे हसले. विलास पण हसला, पण मग त्यानं ग्लासात कोला ओतला, बर्फ टाकला आणि एका दमात संपवला... मी तोंड फिरवलं. वाइनशी माझं काय देणंघेणं? पण कुणीतरी कष्ट करून केलेल्या वस्तूचे असे हाल बघवत नाहीत.

तर, दहाव्या दिवसाकडं येते. नदीकाठी पिंड ठेवला. वर कावळे होते, पण खाली एकही उतरेना. आमच्याकडं कावळा शिवला नाही की सगळे एकमेकांकडं बघायला लागतात, गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल म्हणून. कुणी म्हणालं, शेताकडं बघू म्हणावं. कुणी म्हणालं, वहिनींना अंतर देणार न्हाई असं सांगा. शैला खाली मान घालून बसली होती. तेवढ्यात विलास गाडीकडं गेला आणि व्हिस्कीची बाटली घेऊन आला. तयारीनंच आणली होती! "आमाला ठाऊक हाय त्याचं मन कशात हाय," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला आणि पिंडाशेजारी झाकणभर ओतली. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, जसं काही आता कोडं सुटलं. व्हिस्कीचा वाससुद्धा गंगाधरला सहन व्हायचा नाही. मी तोंड उघडलं, तर शैलानं माझा हात दाबला. कावळा आला नाहीच. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि विधी उरकला.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. आम्ही बायका आवरून निघालो, तर पलीकडं चिंचेच्या झाडाखाली विलास आणि तिघेचौघे उकिडवे बसलेले. हातात प्लॅस्टिकचे ग्लास. पिंडाशेजारी ओतून उरलेली बाटली संपवत होते, कोल्यात घालून. कपाळाचं गंध अजून वाळलं नव्हतं. थू! मी तिथंच थुंकले. बासष्ट वर्षांची बाई, शाळेत पोरींना थुंकू नका म्हणून शिकवलं जन्मभर, आणि तिथं मी थुंकले.

आणि हाच विलास तेराव्याला, जेवणाच्या पंगती उठल्यावर, माईक हातात घेऊन उभा राहिला. गंगाधर किती हुशार, किती सरळ, मग आवाज ओला करून, "एका व्यसनानं आमचा हिरा गेला." एवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं. पण नंतर घरात येऊन शैलासमोर बसला. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण घरच्या बाईनं आवर घालायचा असतो. तुमी तर ग्लास घेऊन सोबत बसायलात. मग माणूस थांबंल कसा?" त्याची बायको मान हलवत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हृदयाचा झटका, आमच्या वडिलांनाही तसाच आला होता आणि वडिलांनी आयुष्यात चहासुद्धा घेतला नाही. पण डॉक्टरचं कोण ऐकतंय! बाई शेजारी बसली होती ना, झालं तर मग.

मी विलासला घराबाहेर काढला. जे बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. पण विष आत गेलंच होतं. त्यानंतर शैला गप्प झाली. मी परभणीलाच राहिले तिच्याजवळ. स्वयंपाक करायची, पण मीठ चाखायचीसुद्धा नाही, मला चाखायला लावायची. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "वन्सं, मी त्यांच्या शेजारी बसले नसते तर... दोन वर्सं तरी जास्ती जगले असते का ओ?" मी सांगितलं, ओरडून सांगितलं, तरी तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला विलासची किळस होतीच, पण त्या दिवशी ह्या सगळ्या गोतावळ्याचीच किळस आली. नवऱ्याच्या शेजारी बसून जेवली, तेवढं एकच सुख, आणि त्याचाच ह्यांनी तिच्यासाठी गुन्हा करून ठेवला.

मागच्या आठवड्यात विलासचा फोन आला. शैलानंच उचलला. मी शेजारी होते, त्याचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं. "वहिनी, पेडगावला ते पिंप पडूनच हाय. माझ्या फार्महाऊसवर पाठवून देता का बघा. पोरं बसत असतात, त्यांना उपेगी पडंल." एका व्यसनानं गेला म्हणे, आणि आता त्या व्यसनाचं पिंप ह्याला पाहिजे! मी फोन हिसकावणार होते. पण शैला उठून उभी राहिली होती. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज नीट ऐकला मी. "न्हाई भावजी," ती म्हणाली. "मला लागतंय ते." फोन ठेवला, आणि मला म्हणाली, "उद्या रविवार हाय. मटण आणायला लावते. पण वन्सं, बाटली कोण आणणार?"

बाटली आम्ही दोघीच आणायला गेलो. आमच्या परभणीतलं वाइन शॉप तुम्हाला ठाऊकच असेल तसंच. नाव वाइन शॉप, आणि वाइन सोडून सगळं काउंटरवर. पुरुषांची ही गर्दी, जाळीतून आत जाणारे हात, घामाचा आणि देशीचा वास. आम्हाला बघून गर्दी बाजूला सरकली. एका म्हाताऱ्यानं तर तोंडावर उपरणं घेतलं. जाळीमागच्या माणसानं आमच्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा अगदी मवाळ झाला. रोज अशा किती बायका येत असतील, नवऱ्याला शोधत, पोराला ओढत न्यायला. तो हळूच म्हणाला, "तुमचे मालक इथं न्हाई आले, मावशी."

वाटलं, आता ही कोसळते. मी तिचा दंड धरला. शैलानं माझा हात सोडवला.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "ते येणार न्हाईत आता. म्हणून मी आले. भाजलेलं मटण हाय, तिखट. वाइन पाहिजे, स्वस्तातली."

त्या माणसानं तिच्याकडं पुन्हा नीट बघितलं. मग त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण ह्या दुकानात येऊन असं मागणारं आजवर एकच गिऱ्हाईक झालं होतं. "जिंतूरच्या कॉलेजातले सर..." एवढंच तो म्हणाला आणि शैलानं मान हलवली. त्यानं जाळीच्या बाजूचं दार उघडलं, आम्हाला आत घेतलं. कोपऱ्यात एक फ्रीज होता. वरच्या रांगेत परदेशी बाटल्या, डोळ्यांसमोर. "सर वर कधीच बघायचे न्हाईत," तो म्हणाला. "खाली बसायचे, एकेक काढून वाचायचे. मी स्टूल द्यायचो, तर न्हाई म्हणायचे."

शैलानं पदर कमरेला खोचला आणि त्या फ्रीजसमोर, बाहेरच्या सगळ्या पुरुषांच्या देखत, उकिडवी बसली. खालच्या रांगेतली पहिली बाटली काढून तिनं पदरानं पुसली आणि वाचायला लागली.